जबाबातल्या चुका

जनकोजी चोरी कबूल करायला तयार होते, पण कागद वाचल्याशिवाय सही करायला तयार नव्हते. आता अशा माणसाला काय म्हणावं? तमिळ मुलखातल्या जॉर्ज टाउनमध्ये एका मसाल्याच्या पेढीचं गोदाम त्यांनी पस्तीस वर्षं सांभाळलं, आणि स्वतः पोती मोजल्याशिवाय कधी एका चिठ्ठीवर सही केली नाही. वेलदोड्याची दोन पोती गेली, किल्ली यांच्याकडे, म्हणून पोलिसांनी त्यांना दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवलं. संध्याकाळी सब-इन्स्पेक्टरने टाइप केलेला कबुलीजबाब पुढे सरकवला, तर हे म्हणाले, "चष्मा घरी राहिला, सार. उद्या वाचून करतो."

तिथे पोलिसांनीच बोलावलेला एक वकीलही होता. त्याने कागद उघडूनसुद्धा पाहिला नाही. "सही करून मोकळे व्हा, तात्ता," आजोबा म्हणत एवढा सल्ला देऊन तो चहाला गेला.

जनकोजींची भाची भवानी मात्र नावापुरती वकील नव्हती. त्याच रात्री घरी येऊन तिने सगळं ऐकलं आणि मामांवरच उखडली.

"साठीच्या वरच्या माणसाची चौकशी घरीच करायची, असा कायदा आहे, मामा. उठून गेलात कशाला?"

"मजला काय ठाव? बोलावलं, गेलों."

"पोती तुम्ही नेलीत?"

"नाही."

"मग हो का म्हणालात?"

मामा चष्मा पुसत बसले. तिने पुन्हा विचारलं, तर काच उजेडात धरून पाहू लागले.

"पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही," भवानी म्हणाली. "पण तोच कागद पुढे करून उद्या कुठूनतरी दोन पोती 'सापडतील', आणि ती तुमच्या नावावर चढतील. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"उद्या सही करतो, असा शब्द दिलाय मी," जनकोजी म्हणाले. पस्तीस वर्षांचं नाव एका सहीत जाणार हे त्यांना कळत होतं.

भवानीने वाद घातला नाही. मामांची नाडी तिला ठाऊक होती. चौकशी घरीच करा, असं तिने ठाण्याला रीतसर पत्र दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सब-इन्स्पेक्टर स्वतः कागद घेऊन घरी आला. देविकामामींनी पाहुण्याला फिल्टरची कापी दिली. पोलीस असला तरी उंबऱ्याच्या आत आलेला माणूस तसाच कसा बसवायचा?

"मामा मोठ्याने वाचतील," भवानी म्हणाली. "कुठे चूक दिसली तर थांबतील. सहीचं त्यानंतर बघू."

जनकोजींनी चष्मा लावला आणि तो तमिळ कागद वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीला ते थांबले.

"'मागच्या दाराचं कुलूप काढून.' हे कुणी लिहिलं? मागच्या दाराला वर्षभर मिरचीची थप्पी लागलीय. ते दार उघडत नाही, सार."

भवानीने ते टिपून घेतलं. सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "बरं, पुढे."

"'पोत्याला आकडा लावून ओढलं.' वेलदोड्याला लोखंडी आकडा? आतलं प्लास्टिक फाटेल, वास उडेल. काल लागलेला हमालसुद्धा असं करायचा नाही." जनकोजींचा आवाज चढला होता. चोरीच्या आरोपापेक्षा त्यांना आकड्याचाच जास्त राग आला होता. "आणि वेलदोडा खाली नसतो, माळ्यावर असतो. शिडी आहे. माझे गुडघे गेल्याला चार वर्षं झाली. विचारा पेढीत कुणालाही."

सब-इन्स्पेक्टरची कापी निवली. काल ठाण्यात मान खाली घालून बसलेला म्हातारा तो हाच, यावर त्याचा विश्वास बसेना. जनकोजी तर आता रंगात आले होते. चुकीचा माल परत पाठवताना येतो तसा त्यांना हुरूप आला होता.

मग शेवटची ओळ आली. 'हे सर्व मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने सांगत आहे.'

ती त्यांनी मोठ्याने वाचली, मग मनात वाचली. देविकामामी दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हेही चूक आहे, सार," ते हळू म्हणाले. "सही केली नाहीस तर बायकोला आणून याच बाकावर बसवतो, असं तुम्ही म्हणालात. म्हणून मी हो म्हटलं."

सब-इन्स्पेक्टर उठला. त्याने कागद मागितला. भवानीने आधी कागदाचा फोटो काढला, मग तो दिला.

"पुन्हा यावं लागेल," तो म्हणाला.

"या," भवानी म्हणाली. "आधी मला फोन करा. मी इथेच बसलेली असेन."

तो गेला. भवानी आपली टिपणं आवरत राहिली, पण तिचे डोळे भरले होते.

देविकामामी पुढे आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी बसल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण बाहेरच्या खोलीत, चारचौघांत त्या कधी अशा बसल्या नव्हत्या.

"माझ्यासाठी चोर व्हायला निघाला होतात?"

"होय."

"मजला विचारायचं तरी. मी बसले असते त्या बाकावर. तुमच्याजवळच बसायचं होतं, त्यात भ्यायचं काय?"