नव्वद दिवसांची यादी

माझी धाकटी व्हेस्का लग्न करून स्पेनला गेली त्या वर्षीची ही गोष्ट. मार्च लागला होता. डॅन्यूबवरचं धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं. आम्ही सगळ्या जणी दुकानामागच्या गोदामात तेलाच्या खोक्यांवर बसलो होतो. भिंतीवर पांढरी चादर टांगून तिच्यावर चित्रं पाडली होती, आणि राजधानीहून, सोफियाहून आलेला रादोस्तीन नावाचा तिशीतला तरुण आम्हाला विचारत होता, "ग्राहक परत का येतो?"

गल्ल्यावरची एमिलिया म्हणाली, "कारण दुसरं दुकान नदीपलीकडे आहे. रोमानियात."

सगळ्या हसल्या. तोही हसला. वाईट नव्हता पोरगा. "पुढच्या वर्षी इथेच चौकात दुसरं दुकान येतंय," तो म्हणाला. "तेव्हा काय कराल?"

मी झाडूपोछा करणारी. ग्राहकाला धरून कसं ठेवावं याच्याशी माझा काय संबंध? पण कंपनीचा हुकूम होता, दुकानातल्या प्रत्येक माणसानं दोन दिवस शिकायला बसायचं. म्हणून मीही मागे बादलीशेजारी बसले होते.

पुढच्या खोक्यावर त्सोन्का होती. वही उघडून, चष्मा लावून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ. बावीस वर्षं ती या गल्ल्यावर होती. दुकान सहकारी होतं तेव्हापासूनची. मग कंपनीनं ते घेतलं, पाटी बदलली, गल्ले बदलले, त्सोन्का तीच राहिली. आता ईस्टरला आपोआप हिशेब करणारी यंत्रं येणार होती. गल्ल्यावरच्या तिघींपैकी एकीलाच ठेवणार होते, ग्राहकांना सवलतीचं कार्ड द्यायच्या टेबलाशी. या दोन दिवसांत जी सगळ्यांत चांगलं शिकेल तिला. त्सोन्काचं वय अठ्ठावन्न. पेन्शनला तीन वर्षं बाकी. आमच्या गावात त्या वयाच्या बाईला दुसरं काम म्हणजे इटलीत जाऊन कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची सेवा करणं. तिला ते नको होतं. घरी तिचाच नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

रादोस्तीन कार्डांच्या पायऱ्या सांगत होता. आधी साधं कार्ड, मग चांदीचं, मग सोन्याचं.

"आमच्याकडे सोनं फक्त दातात आहे," त्सोन्का म्हणाली. "आणि तेही साम्यवादाच्या काळातलं."

"त्सोन्काताई, तुम्ही पास झालात म्हणून समजा," तो म्हणाला. सगळ्यांदेखत म्हणाला. तिचे कान लाल झाले.

पहिल्या दिवशी त्याचं एक वाक्य तिनं वहीत लिहून खाली रेघ मारली. ते मला आजही पाठ आहे. ग्राहक जाताना सांगून जात नाही, तो नुसता यायचा थांबतो. नव्वद दिवस ज्याचं कार्ड चाललं नाही त्याची यादी यंत्रातून निघते. त्याला फोन करायचा. नावानं हाक मारायची. तुमची आठवण येते म्हणायचं. तुमच्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय म्हणायचं. नाही आला तर का नाही आला ते कागदावर लिहायचं. कागदावर चार रकाने होते: किंमत, वागणूक, दुसरं दुकान, स्थलांतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा होती. गल्ल्यावरच्या प्रत्येकीनं यादीतले तीन ग्राहक निवडायचे आणि सगळ्यांसमोर फोन करायचा. पलीकडचा आवाजही सगळ्यांना ऐकू येईल असं एक यंत्र टेबलावर ठेवलं होतं.

एमिलियाचे तीन फोन झाले. एकानं उचलला नाही, एकीनं शिवी दिली, एक म्हातारा दहा मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलला आणि शेवटी येतो म्हणाला. रादोस्तीननं तिच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

त्सोन्कानं यादीवरून बोट फिरवलं आणि थांबली. "ही बघा. योर्दाना मिनेवा. ही तर हमखास येणार."

योर्दाना आमच्या गावची टपालवाली होती. निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी दुकानात यायची आणि त्सोन्काच्याच रांगेत उभी राहायची. शेजारचा गल्ला रिकामा असला तरी. एमिलियानं बोलावलं की म्हणायची, "मला घाई नाही गं. पायाला घाई होती तेव्हा पोस्टात होते." पाव, दही, वारलेल्या नवऱ्यासाठी घ्यायच्या जुन्या सवयीनं घेतलेली एक बाटली सोडा, आणि मग दोघींच्या गप्पा. कुणाची सून आली, कुणाचं घर विकलं. मागचे लोक कुरकुरायचे. दोघी एकमेकींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. एकमेकींचा फोन नंबरही त्यांच्याकडे नव्हता. वीस वर्षांची मैत्री, सगळी गल्ल्यावरच्या माल सरकणाऱ्या पट्ट्यावर. दर हिवाळ्यात योर्दाना मुलीकडे प्लोव्दिवला जायची आणि द्राक्षवेली छाटायच्या सुमाराला, फेब्रुवारीत, परतायची. म्हणून ती दिसली नाही तरी त्सोन्काला काही वाटलं नव्हतं. या वर्षी जरा उशीर झाला, एवढंच.

फोन लागला. पलीकडे तरुण बाईचा आवाज आला.

त्सोन्कानं कागद समोर धरला. "नमस्कार. मी दुकानातून बोलतेय. श्रीमती योर्दाना मिनेवा यांच्याशी बोलायचं होतं. आम्हाला त्यांची फार आठवण येते. त्यांच्यासाठी आम्ही—"

"त्सोन्काकाकू?"

"कोण, मागदा का? अगं, मग आईला दे ना. सांग तिला, गल्ला गंजला म्हणावं तिच्यावाचून."

पलीकडे कोणीतरी भांडी आवरत होतं, तो आवाज थांबला.

"काकू, आई गेली. डिसेंबरमध्ये. प्लोव्दिवला यायच्या आधीच. मी आता घर रिकामं करायला आलेय."

त्सोन्काच्या हातातला कागद खाली आला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मागदा म्हणाली. "आम्ही कागद लावला होता ना. तुमच्या दुकानाच्या दारावर. आईनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली होती, बाकी कुठे लावा न लावा, दुकानाच्या दारावर लावा, म्हणजे त्सोन्काला कळेल. चर्चच्या दारात आम्ही तुमच्यासाठी थोडं थांबलोसुद्धा. मग पाद्री म्हणाले, गारठा आहे, चला."

"मला माहीत नव्हतं गं," त्सोन्का म्हणाली.

"मला वाटलं, तुम्हाला सुट्टी मिळाली नसेल."

फोन ठेवल्यावर रादोस्तीन खाली बघत होता. हळूच म्हणाला, "माफ करा, ताई. हा फोन झाला असंच धरू. दुसरं नाव घ्या."

"हिचं काय लिहू?"

"काय?"

"रकाना. चारांतला कुठला?"

त्यानं कागदाकडे पाहिलं. "स्थलांतर लिहा. यंत्राला चारांपैकीच एक लागतं."

"ती कुठे गेलेली नाही," त्सोन्का म्हणाली. "इथेच आहे. टेकडीवर." तिनं पेन खाली ठेवलं. "आणखी फोन मी नाही करणार. या यादीतलं अजून कोण कोण गेलंय ते मला ठाऊक नाही."

"दोनच राहिलेत. दोन केलेत की झालं. मी तुम्हालाच—"

"एमिलिया छान करते. तिला ठेवा."

ती मागच्या दारानं अंगणात गेली. मी बादली तिथेच टाकून तिच्या मागे गेले. ती रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर बसली होती. रडत नव्हती. चष्मा पुसत होती, पुसून झाला तरी पुसतच होती.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव छापलेले कागद दारांवर, खांबांवर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. दुकानाच्या काचेवर ते कायम असायचे. त्याआधीच्या पानगळीच्या दिवसांत कंपनीचा हुकूम आला की काचेवर कार्डाचं चित्र सोडून काही नको. ते काम माझं. सकाळी सहाला येऊन मी पात्यानं कागद खरवडून काढायची. डिसेंबरमधला एक कागद मला आठवत होता. त्यावर टोपी घातलेली एक तरणीताठी मुलगी होती, हसणारी. मला वाटलं, कोण बिचारी एवढ्या लहानपणी गेली. घरच्यांनी योर्दानाचा पोस्टात नोकरी लागली तेव्हाचा फोटो छापला होता. खाली नाव मोठ्या अक्षरांत होतं. पण मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. माझंच नाव कुणी काचेवर लावलं असतं तरी मी ते खरवडलं असतं.

"त्सोन्का, तो कागद मी काढला," मी म्हणाले.

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला बोल लावेल, आणि लावावाही.

"तुला वाचता येत नाही, फिदान्का," ती म्हणाली. "मला येतं. मी तीन महिने या मागच्या दारानं आत येतेय. एकदासुद्धा पुढून चक्कर मारली नाही. गावाला वाटलं असणार, मला कळलंच असेल." मग म्हणाली, "पोरगी म्हणते चर्चच्या दारात थांबलो. कोण थांबतं गं आजकाल कुणासाठी?"

आतून रादोस्तीनचा आवाज येत होता. तो गल्ल्यावरच्या तिसऱ्या मुलीला सांगत होता, आवाजात हसू ठेवा, फोनवर हसू ऐकू येतं.

त्या शनिवारी मृतांचा दिवस होता. त्सोन्कानं गहू शिजवून त्यात साखर आणि अक्रोडाची पूड घातली होती. वाटेत भेटेल त्याला ती चमचाभर देत होती आणि म्हणत होती, "योर्दानासाठी. देव तिला क्षमा करो." टेकडीचा चढ चढताना ती दोनदा थांबली. मी हात देऊ केला, तिनं घेतला नाही.

थडग्यावर अजून लाकडी क्रूस होता, दगड बसायचा होता. तिनं मेणबत्ती लावली, मातीवर थोडी वाईन ओतली. मग पिशवीतून आणलेली दह्याची डबी आणि पाव ठेवला. मला वाटलं, प्रार्थना करेल. ती उभ्यानंच बोलायला लागली. खालच्या आळीतल्या दिमोचं घर कुणा इंग्रजानं घेतलं. पाववाल्याच्या सुनेला जुळं झालं, दोन्ही मुली. यंत्रं येतायत, त्यांच्याशी कोण बोलणार. माझं काम गेलं बहुतेक, पण ते जाऊ दे. नव्वद दिवसांतलं सगळं तिनं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता. मागे माणसं उभी राहिली होती, त्यांना त्याच पायवाटेनं पुढे जायचं होतं. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "थांबा जरा. हिचं झालं नाही अजून."

ईस्टरला यंत्रं आली. टेबलाशी एमिलिया बसली. त्सोन्कानं निरोपाचा केक घेतला नाही. घरी नवऱ्याची शुश्रूषा केली, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून मला अक्षरं शिकवली. पहिलं नाव मी वाचलं ते त्सोन्काचंच.

योर्दाना मिनेवा नऊ डिसेंबरला सकाळी गेली. त्सोन्का त्यानंतर चौथ्या वर्षी, ऑगस्टच्या सतरा तारखेला, दुपारी, स्वतःच्या घरी वारली.