आदी उपस्थित होते

कुंडलिकरावांनी उभ्या हयातीत एकही बातमी चुकवली नाही, आणि निम्म्याहून जास्त कार्यक्रमांना पाऊलही ठेवलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला कशा जमल्या, हे सोलापुरात कुणी विचारलं नाही. निमंत्रणपत्रिका हातात पडली की त्यांची बातमी तयार. अध्यक्ष पत्रिकेत असतो, पाहुणा पत्रिकेत असतो, आणि टाळ्या काय, कुठंही पडतातच. ‘सत्काराला उत्तर देताना त्यांना गहिवरून आले’ हे वाक्य तर त्यांनी इतक्या जणांना फुकट वाटलं होतं की, खरोखर गहिवरलेला माणूस त्यांनी कधी पाहिला होता का, देव जाणे. शेवटची ओळही ठरलेली: ‘अमुक, तमुक आदी उपस्थित होते.’

आता ते निवृत्त होणार म्हणून ‘दैनिक भुईकोट’ने त्यांचाच सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे अनिलकुमार, माजी सभापती. सभापतिपद जाऊन जमाना झाला, पण ‘माजी’ काही जाईना.

सगळ्यात जास्त आनंद कुंडलिकरावांच्या बायकोला, रंभाबाईंना झाला. “कुटं चाललाव इचारलं की जल्मभर ‘कार्यक्रम’ म्हणून सांगितलं. एकदा बघू तर द्या, काय असतंय ते,” त्या म्हणाल्या. कुंडलिकरावांनी त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची कबूल केली. इरकल साडी पेटीतून बाहेर आली, इस्त्रीला जाऊन आली आणि खुर्चीवर घडी घालून वाट बघत बसली.

इतकं झाल्यावर माणसानं गप बसावं की नाही? पण जित्याची खोड! कुंडलिकरावांनी स्वतःच्या सत्काराची बातमीसुद्धा आधीच लिहिली आणि पान लावणाऱ्या इंद्रजीतकडं देऊन ठेवली.

सत्काराच्या दिवशी सकाळी रंभाबाई ओळीखाली बोट धरून पेपर वाचत होत्या. “काल सायंकाळी ज्येष्ठ पत्रकार कुंडलिकराव यांचा सत्कार मोठ्या उत्साहात पार पडला.” त्या थांबल्या. “काल सांजच्याला तर तुमी हितं बसून शेंगा फोडत होता की!”

कुंडलिकरावांना चहाचा ठसका लागला. त्यांनी इंद्रजीतला फोन लावला.

“काका, मोडनिंबची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. पान मोकळं पडलं,” इंद्रजीत म्हणाला. “तुमची बातमी कवा चुकत न्हाय, म्हणून न वाचताच लावली की!”

तेवढ्यात अनिलकुमारांचा फोन आला. “कुंडलिकराव, काय कार्यक्रम झाला हो काल! माझं भाषण तर लई गाजलं.”

“साहेब, कार्यक्रम आज हाय.”

“छापून आलंय की! लोकांचे फोन यायला लागलेत. आज परत भाषण केलं तर कालचं खोटं पडंल. मी मोहोळला लग्नाला निघालो.”

मंद्रूपचा एक जुना दोस्त बोलावलं नाही म्हणून रुसला. पेपरच्या मालकांनी तर हातच जोडले. आज सत्कार केला तर पेपर खोटा ठरेल, म्हणून कार्यक्रम रद्द. आता एकच वाट उरली होती, खुलासा छापायची. पण कुंडलिकरावांनी आयुष्यात खुलासा छापला नव्हता. भर बाजारात धोतर सुटलेलं परवडलं, पण खुलासा नको, असं ते नव्या पोरांना सांगत आले होते.

रंभाबाईंचं बोट मात्र अजून पेपरावरच होतं. “ह्यात माझं नाव कुटं हाय?”

“शेवटी बघ.”

“शेवटी ‘आदी’ हाय.”

“त्यातच तू आलीस की.”

“म्हंजे मी आदी व्हय?” एवढंच बोलून त्या आत गेल्या. कुंडलिकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या जिल्ह्याची नावं छापणाऱ्या माणसाला घरातलं एक नाव सुचलं नव्हतं.

संध्याकाळी रंभाबाई इरकल नेसून दारात उभ्या. “चला.”

“कुटं?”

“कार्यक्रमाला. नावंवाले येणार न्हाईत. पण आदींना कुणी येऊ नका म्हणलंय?”

हॉलचा राखणदार निंगप्पा त्यांना बघून चक्रावला. “सायेब, कार्यक्रम कालच झाला म्हणं की! मी दिवसभर हितंच हुतो, मला कसा दिसला न्हाय?” दिसला नाही यात आपलीच चूक असणार असं मानून त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं. शेजारची दानम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली. समोरच्या टपरीवरचा शिवशरण किटली घेऊन आला. बाकी खुर्च्या रिकाम्या.

शाल ऑफिसच्या कपाटात अडकली होती. पण सोलापुरात शालीवाचून काय अडतंय? निंगप्पानं आपली पांघरायची चादर झटकली आणि दानम्मानं ती कुंडलिकरावांच्या खांद्यावर टाकली. विडीचा वास आला, तो त्यांनी मान म्हणून सहन केला.

मग रंभाबाई माईकपाशी गेल्या. माईक बंद होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

“पेपरात बातमी, बातमीत गाव,
कुंडलिकरावांनी छापलं समद्यांचं नाव,” त्यांनी उखाणा घेतला आणि नवऱ्याकडं बघून पुढं जोडलं, “माझं सोडून.”

शिवशरण इतका हसला की किटली कलंडली. टाळ्या मात्र खऱ्या पडल्या.

कुंडलिकराव उत्तराला उभे राहिले. भाषण पाठ होतं. दुसऱ्यांच्या नावावर त्यांनी ते शेकडो वेळा छापलं होतं. पण तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. आधी नाक चुरचुरलं, मग डोळे भरले, मग हनुवटी थरथरायला लागली. गहिवर नाकापासून सुरू होतो, हे त्यांना ह्या वयात कळलं. निंगप्पा घाबरून पाणी आणायला पळाला. पहिल्या रांगेत रंभाबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. कार्यक्रम त्यांना पसंत पडला होता.

हॉलमधून कुंडलिकराव चादरीसकट थेट ऑफिसात गेले आणि त्यांनी आयुष्यातला पहिला खुलासा लिहिला. इंद्रजीतनं तो मोठ्यानं वाचला:

“कुंडलिकराव यांचा सत्कार परवा झाला नसून काल झाला. यावेळी रंभाबाई, दानम्मा, शिवशरण व निंगप्पा उपस्थित होते. माजी सभापती अनिलकुमार आदी गैरहजर होते.”

इंद्रजीतनं डोकं खाजवलं. “काका, सायेबांना आदीसंगट बसवलं? आन् गैरहजर म्हणून कुणी छापतंय व्हय?”

“लाव तसंच,” कुंडलिकराव चादर सावरत म्हणाले. “ह्या खेपेला मी सोत्ता तितं हुतो.”