हाका

विश्वासरावांनी इस्त्रीचा सदरा सकाळीच अंगात चढवला होता. दुपारी दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं: कोकण किनाऱ्यावरची हरणं आणि त्यांची शिकार. नोकरी सांभाळून आयुष्यभर जमवलेली ती माहिती, आणि ती ऐकवायला कुणी बोलावलं होतं ते पहिल्यांदाच. फरीदाबादहून मेट्रोने जायचं आणि समोर बसलेल्या माणसांकडे बघून बोलायचं, एवढंच त्यांना हवं होतं. जमेल ना, ही धाकधूक होतीच.

नात अनुष्का कागदांत डोकावली. "आजोबा, हाका म्हणजे? शिकारी हरणाला हाका मारतात? मतलब, नावाने?"

ते हसले. "मारत नाहीत गं, हाका घालतात. सगळा गाव डबे बडवत, ओरडत तीन बाजूंनी रानात शिरतो. चौथी बाजू मोकळी. सांबर घाबरून तिकडे पळतं."

"आणि वाचतं?"

"तिथे बंदूकवाला बसलेला असतो."

"चीटिंग यार!"

"पुढे शिकारबंदीचा कायदा आला. दारावरची शिंगं माळ्यावर गेली, हाके थांबले." ते जरा घुटमळले. "पण तेव्हाही एखादं जाणतं सांबर उलटं फिरायचं. ओरडणाऱ्या माणसांमधूनच घुसून निघून जायचं."

चष्म्याचं घर खिशात टाकून ते उठले.

"बाबा!" स्वयंपाकघरातून सून कृतिका. "बाहेर हवा बघितलीत का? घसा धरेल."

"बाबा!" दिवाणखान्यातून मुलगा इंद्रजित. "मागे भलत्याच स्टेशनवर उतरला होतात. आमचा जीव टांगणीला."

"बाबा!" फोनच्या स्पीकरमधून पुण्याची लेक शुभदा. "ऐका ना दादाचं."

तिघांच्याही आवाजात माया होती, खोट काढायला जागा नव्हती.

"मी मंडळाला कळवलंय," इंद्रजित म्हणाला. "तुमच्या खोलीत लॅपटॉप लावलाय. ऑनलाइन बोला. बिल्कुल टेन्शन नाही."

खोलीचं दार सताड उघडं होतं.

विश्वासराव तिकडे वळले, थांबले आणि उलटे फिरले. इंद्रजितच्या खांद्याला खांदा घासत ते थेट बाहेरच्या दारापाशी गेले. तिथे नंबरचं कुलूप होतं. त्यांनी पाठ असलेला नंबर दाबला. कुलूप नुसतंच पीं पीं वाजलं, उघडलं नाही.

"नंबर बदलला का रे?"

अनुष्काने तोंड उघडलं, वडिलांकडे बघितलं आणि मिटून घेतलं.

"बाबा, प्लीज," इंद्रजित हळूच म्हणाला. "लोक वाट बघताहेत."

ते खोलीत जाऊन बसले. पडद्यावर दूरचा हॉल दिसत होता. चेहरे वाटाण्याएवढे, कुणाचे डोळे दिसेनात.

"हॅलो, आवाज येतोय," तिकडून कुणीतरी म्हणालं. "सुरू करा."

कागद बाहेरच राहिले होते. त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"हाक्यात," ते म्हणाले, "मोकळी वाट कुठली, हे जनावराला नीट दिसतं."