पुनवेची मोजणी

"चौदा!" काशिरामनं ओरडून सांगितलं आणि साखळीची पितळी मूठ शाळेच्या पायरीला टेकवली.

मागचं टोक गणूच्या हातात होतं. त्यानं एक साखळी मागून "चौदा!" अशी उलट हाक दिली. सर्कल साहेबांनी वहीत आकडा मांडला आणि टोपी काढून घाम पुसला. पौषातली दुपार, तरी मिठागराची खारट झळ अंगाला चिकटत होती.

दाजीनं हात जोडले. "झालं की मग, सायेब! दहाच्या आत नको व्हतं. हे तर चौदा भरलं."

दाजी म्हणजे मीठपाड्यातल्या ताडांचा मालक. दारूबंदी सैल होऊ लागली होती, ताडीच्या दुकानांचे परवाने पुन्हा निघणार अशी बातमी पनवेलच्या बाजारात फिरत होती, आणि दाजीनं पहिल्या झटक्यात अर्ज टाकला होता. दुकान त्याच्या घराजवळ, ताडांखालीच. साहेबांच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं, शाळेपासून दहा साखळ्यांच्या आत दुकान नको, आणि अंतर धरायचं ते लोक चालतात त्या वाटेनं. साखळी तेहतीस फुटांची. ताडांपासून निघून, खाडीवरच्या मोरीवरून फिरून शाळेपर्यंत चौदा.

काशिरामची साखळी म्हणजे सगळ्या तालुक्यात शब्द होता. बावीस वर्षं मोजणीला होता तो. भाऊबंद कोर्टात गेले, मुंबईहून वकील आले, फेरमोजण्या झाल्या, पण त्याची मोजणी बोटभर हलली नव्हती. लिहायला सहीपुरतं येत होतं. पण ती सही तो अशी करायचा, की जणू कोरून काढतोय.

पंचनामा लिहायला सगळे मोरीवरून परत ताडांखाली आले. "काशिराम, तुझी साखळी म्हटल्यावर मला दुसरा माणूस विचारायला नको," साहेब म्हणाले. "पंचनाम्याखाली सही कर."

काशिरामनं टाक हातात घेतला. आणि थांबला.

शाळेच्या आणि ताडांच्या मधे खाडीचा फाटा होता. आत्ता त्यात पाणी काठोकाठ भरलं होतं, उन्हात चकाकत होतं. पुनवेचं उधाण. पुनवेला ऐन दुपारी भरती भरते, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोराला ठाऊक. मोजणीचा दिवसही दाजीनंच मागून घेतला होता. 'पुनव शुभ असते सायेब, पुनवेलाच या.' साहेब घाटावरचे. त्यांना पुनव म्हणजे नुसता चंद्र.

त्या पाण्याखाली दगड होते. ओहोटी लागली की वर यायचे. मग मोरीला वळसा घालायचा कोण? शाळेची पोरं, मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया, सगळी त्या दगडांवरून थेट दाजीच्या दारात उतरायची.

दाजी जवळ सरकला. आवाज खाली आणून म्हणाला, "व्याही, करा सही. तुमची मालू आमच्याच घरात हाय. जे दुकानाचं, ते तिचंच."

मालू काशिरामची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी त्यानं तिला दाजीच्या शिवाला दिली होती. आत्ता ती तांब्या-पेला घेऊन ताडाला टेकून उभी होती. डोक्यावर पदर, नजर बापाकडे.

काशिरामनं टाक दौतीत परत ठेवला.

"सायेब, पानी उतरू द्या."

"का रे?"

"लोकं चालतात ती वाट आत्ता पान्याखाली हाय."

साहेबांनी फाट्याकडं बघितलं, मग दाजीकडं. दाजी खाली बघायला लागला. पाड्यावरचे दहा-बारा बाप्ये भोवती जमले होते, त्यातला विठू मिठागरवाला फिसकन हसला.

"काशिरामदादा, तुमी घेत नाय जसं काय! गेल्या जत्रंत कोन आडवा झाला व्हता?"

सगळे खदखदले. काशिरामही हसला.

"मीच झालो व्हतो, विठू. म्हनून तर सांगतो. आडवा झालेला मानूस कुठं आडवा झाला, ते बघत नाय."

हसणं तुटलं. साहेब मात्र गंभीर झाले. खाटेवर बसले आणि वही मिटून म्हणाले, "हे बघ काशिराम. मागच्या साली हातभट्टीची पिऊन याच पाड्यातले दोघं आंधळे झाले. दुकान नाकारलं तर लोक दूध पिणार आहेत का? तेच विष पिणार. ताडी निदान ताडी असते. आता लोकांचं भलं कशात, ते तूच सांग."

आजवर कुणी काशिरामला आकड्यापलीकडचं विचारलं नव्हतं.

"दुकान द्या, सायेब. द्यायलाच पायजे. त्या आंधळ्यातला एक माझ्या पंगतीचा व्हता. पन हितं नको. हितं सांजचं पोरं उतरतात, बाया गुडघाभर ओल्या लुगड्यानं उतरतात. डोक्यावर पाटी, हात वर. त्यांनी कुनाच्या अंगावरनं वाट काढायची? नाक्यावर द्या, मिठाच्या कोठारापलीकडं. पिनारा तिथं चालत जाईल. पिनाऱ्याला लांब पडत नाय."

"बरं," साहेब म्हणाले. "थांबू."

आणि साहेब खरंच थांबले. दाजीनं शहाळं दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. उन्हं कलली. पाणी आधी काठावरून हटलं, मग चिखल दिसायला लागला, आणि साडेचारच्या सुमाराला पहिल्या दगडाची शेवाळलेली पाठ वर आली. मग दुसरा. मग ओळच्या ओळ.

"गणू, धर टोक," काशिराम म्हणाला.

"माझा गुडघा मोरीवरनं चालतो, दगडावरनं नाय," गणू म्हणाला. त्याचं खरंही असेल. पण त्याची नजर दाजीवर होती.

साखळी तशीच पडून राहिली. पाड्यातला एकही माणूस पुढं येईना. तेवढ्यात ताडाखालून मालू आली. तांब्या खाली ठेवला, लुगडं खोचलं, वाकून पितळी मूठ उचलली.

"मालू!" दाजी गरजला.

"रोजची वाट हाय माझी, मामा," ती सासऱ्याला म्हणाली. "डोळे मिटून जाईन."

ती दगडावर उतरली. एक, दोन, तीन. साखळी तिच्यामागं पाण्यावर लोंबायला लागली. ती मधेच थांबली, वळली, मूठ छातीशी धरून ओरडली, "बा, तान की! झोळ पडलाय."

काशिरामनं ताणली. बावीस वर्षांत त्यानं नाना माणसांबरोबर साखळी धरली होती, पण समोरून असा नीट ताण कधी आला नव्हता. त्यानं आकडा मोठ्यानं पुकारला.

शाळा सुटली. पोरं गलका करत दगडांवर आली आणि साखळीवरून उड्या मारत दाजीच्या दारात उतरली. साहेब उभे राहून बघत होते.

"किती?"

"सहा!" पलीकडून मालूनंच सांगितलं.

काशिरामनं सही केली. कोरून.

ती जागा नामंजूर झाली. दाजीला परवाना मिळाला तो नाक्यावरचा, कोठारापलीकडचा. ताडी विकायला आता त्याला मडकी डोक्यावर घेऊन जावं लागे. ते ओझं त्याला जड नव्हतं. व्याह्यानं चारचौघांत पाडलं, ते जड होतं.

शिमग्याला मालू माहेरी आली नाही. "धाडनार नाय," एवढाच निरोप काशिरामच्या गावी, विचुंब्याला आला. सखूबाईनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. तिनं त्या न बोलता फडक्यात बांधल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या.

"तिच्या दाराशी जाऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यापायी तिला बोल नको."

"दाराशी नाय जात."

पुनव होती. काशिराम मीठपाड्याच्या शाळेपाशी पोचला तेव्हा ओहोटी पुरती लागली होती. ताडांखाली दाजीच्या कोंबड्या चरत होत्या. बाया पाट्या घेऊन दगडांवरून जात होत्या, सरळ, कुणाला न चुकवता. एकीनं त्याला ओळखलं आणि पलीकडं जाऊन काहीतरी सांगितलं.

मालू आली. काठाला थांबली, मग दगडावर उतरली. काशिरामही उतरला. मधल्या दगडांवर दोघं समोरासमोर आले.

"तुला बोलतील," तो म्हणाला.

"माहेरी जाऊ नको म्हनले मामा. दगडावर जाऊ नको असं कुठं म्हनले?" ती हसली. पोळ्यांचं फडकं तिनं नाकाशी नेलं. "आयचा हात हाय."

"बरी हायेस?"

"बरी हाय. बाया मला आता साखळीवाली म्हनतात."

काशिरामनं खिशातून तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

पाणी चढायला लागलं. खालच्या दगडाला पहिली लाट चाटून गेली. "जा बा, पाय भिजंल," ती म्हणाली आणि वळली.

काशिराम शाळेच्या पायरीवर येऊन मागं बघत उभा राहिला. मधला दगड अजून दिसत होता. सवयीनं त्याच्या मनानं मोजलंच. इकडून तीन, तिकडून तीन. साखळी लागली नाही.