डावे हात, उजवे हात

चीनमधल्या लुओयांगच्या त्या शाळेत तपासायला येणाऱ्या साहेबांसमोर घ्यायचा तास आधी चार वेळा घेऊन ठेवत. आठवीच्या कुआंग बाईंनी गणिताचा तास इतका घोटून घेतला होता की फळ्यावर त्रिकोण पुरा व्हायच्या आत मुलांच्या तोंडी उत्तर यायचं. नियम सोपा होता. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. बाई उठवणार फक्त उजव्यांना. मागे बसलेल्या साहेबांना काय, हातांचं रान दिसलं की पुरे.

हा नियम वर्गाच्या अंगवळणी पाडला तो मॉनिटर शुयावने. तिचा जीव त्यात अडकला होता. वसंतात अमेरिकेला सहा मुलं शिकायला जायची होती. ती या वर्गातली की शेजारच्या, हे आजचा तास बघून ठरणार होतं. शुयावच्या आईने तर इमारतभर सांगूनही टाकलं होतं.

तिकडून, ओहायोहून आलेली पाहुणी मुलं भिंतीकडेला बसली होती. त्यांना नियम सांगावा हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यातली टॅबिथा शुयावच्याच घरी उतरलेली. गणितात हुशार, आणि डावखुरी. आठ दिवस जेवताना तिचं कोपर आजोबांच्या कोपराला लागत होतं, तरी शुयावची ट्यूब पेटली नव्हती.

प्रत्येक प्रश्नाला टॅबिथाचा डावा हात वर, आणि बाईंची नजर तिच्या आरपार. सातव्या प्रश्नाला ती उठलीच आणि इंग्रजीत काहीतरी बोलली. मागून लुओ साहेबांनी विचारलं, काय म्हणतेय ती? सगळा वर्ग शुयावकडे बघू लागला.

डावा हात वर केलेल्या एकालाही बाई का उठवत नाहीत, असं टॅबिथाने विचारलं होतं.

"बाईंचं अक्षर छान आहे म्हणते," शुयाव म्हणाली.

"मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, पोरी," साहेब म्हणाले. "आता खरं सांग."

तिने मान खाली घालून सगळं सांगितलं. कुआंग बाई हातातल्या खडूकडे बघत राहिल्या.

"आमच्या वेळी येणारा पंजा दाखवायचा आणि न येणारा मूठ," साहेब म्हणाले. "मागून लगेच कळायचं. तुमचं त्यापेक्षा बरं आहे." मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "जाईल हाच वर्ग. पण सहातले तीन डावा हात वर करणारे. ज्यांना सगळं येतं, त्यांना शिकायला तिकडे कशाला धाडायचं? चालू द्या, बाई."

शुयावने खाली बसता बसता टॅबिथाला नियम कुजबुजून सांगितला. बाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती?

शुयावचा उजवा हात सवयीने निम्मा वर गेला. तिथून तो केसांकडे वळला, केस सारखे करून खाली आला, आणि मग जन्मात पहिल्यांदा तिचा डावा हात वर गेला. तोवर वर्गात सगळीकडे डावेच हात झाले होते.

उजवा फक्त एक. पाहुणीने नुकताच कळलेला नियम मनापासून पाळला होता.

बाईंनी तिला उठवलं.