दोन कार्बोरेटर आणि काठोकाठ पेला

थोरल्याचं आणि धाकट्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, म्हणून बाबा गेल्यावर त्यांची जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार गॅरेजात नुसती उभी राहिली. करवतीने अर्धी करता आली असती तर या दोघांनी तेही केलं असतं. शेवटी आई वैतागली. "तुमच्या बाबांसारखी जो लावून दाखवेल त्याची गाडी. मग माझ्यासमोर पुन्हा भांडायचं नाही."

लावायची म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे कार्बोरेटर जुळवायचे. गाडीला ते दोन होते आणि दोन्हींनी सारखी हवा ओढली तरच इंजिन शांत चालायचं. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. दोन्हीकडची सूं सूं सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग काठोकाठ भरलेला पेला मडगार्डवर ठेवायचा. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून.

हे बाबांनी थोरल्यालाच शिकवलं होतं. धाकट्याला बोलावणं यायचं ते पेला आणायला.

थोरल्याला गाडी जिवापाड हवी होती. पण बाबा गेले त्याच आठवड्यात किल्लीवरून धाकट्याने त्याच्या कानाखाली आवाज काढला होता, आणि तेव्हापासून उजव्या कानाला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे त्या नालायकाला 'तुझा हात बरोबर बसला' म्हणून शाबासकी द्यायची! त्यापेक्षा बहिरेपण परवडलं.

"चला उस्ताद, होऊ द्या सुरू," धाकटा हाताची घडी घालून समोरच उभा राहिला.

नळी कायम उजव्या कानात जायची, हे धाकट्याला लहानपणापासून पाठ होतं. म्हणून थोरल्याने ती उजव्याच कानात घातली. सूं सूं कुठून तरी लांबून आली. ती नीट ऐकू यावी म्हणून तो पुढच्या कार्बोरेटरचा स्क्रू उघडत गेला. तेवढ्यात आईने पेला मागितला, धाकटा वळला, आणि थोरल्याने घाईघाईने नळी डाव्या कानात घालून मागचा कार्बोरेटर उरकला. दोन कार्बोरेटर दोन वेगळ्या कानांनी! नवशिक्याही असली चूक करणार नाही, पण अकडू माणूस करतो.

इंजिन असं थडथडलं की पेला अर्धा सांडला आणि मग खालीच पडला.

"हट बाजूला." धाकट्याने नळी हिसकावली, दोन्ही स्क्रू फिरवले, ऐकलं, पुन्हा फिरवले. दुसरा पेला मडगार्डवर ठेवला. पाणी हललंसुद्धा नाही. "बाबा तुला शिकवायचे ना, तेव्हा मी इथेच उभा असायचो. हातात पेला घेऊन."

आईने पेला उचलून घेतला आणि किल्ली धाकट्याच्या हातावर ठेवली. थोरला रागाने फणफणत दाराकडे निघाला. मागून गाडी बाहेर येत होती. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, पण एकाच कानाने तो कुठून येतोय ते थोरल्याला कळेना; रस्त्यावरचा समजून तो चालत राहिला. बंपर पोटरीला टेकला तेव्हा कुठे तो थांबला.

"बहिरा आहेस का रे?" धाकटा खिडकीतून ओरडला.

थोरला वळला. "हो. उजव्या कानाने. तुझ्याच हातचं आहे ते."

आईच्या हातातलं पाणी सांडलं. धाकट्याचा चेहरा पडला, ओठ हलू लागले. थोरल्याने मुद्दाम उजवा कान त्याच्याकडे केला.

"बोल आता, काय बोलायचंय ते."