सुट्टीवाला आधी

फॉर्मवर सगळं भरून तयार होतं. शोध लावणाऱ्याचं नाव: हितेंद्र परब. म्हणजे मी. फक्त नववा रकाना माझ्या हातानं भरायचा होता. ‘ही पद्धत याआधी कुणी, कुठे वापरल्याचं तुम्हाला माहीत आहे का?’ तिथं ‘नाही’ लिहायचं, सही ठोकायची, की अमेरिकेत पेटंटचा अर्ज जाणार आणि मागोमाग मी कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होणार. बारावी पास, डिग्री नाही, भोईवाड्यातल्या सायबर कॅफेत तासावर बसून शिकलेला माणूस.

सही सोमवारी होती. रविवारी दुपारी मी पेढे घेऊन लालबागला शेवंतीआजीकडे गेलो.

शेवंतीआजी आमच्या गावची, मालवणकडची. वय अठ्ठ्याऐंशी. उभं आयुष्य चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवली. माझे आजोबा धोंडू परब तिच्याकडेच जेवायचे, कारण बायको-पोरं गावाला. आमच्या घरात आजोबांचं नाव कुणी फारसं काढत नाही. दारू पिऊन कामावर गेला, मशिनवर पडला, उजवा हात मनगटातून गेला. गिरणीच्या कागदावर तसंच लिहिलंय. माझा बाप अजून म्हणतो, ‘बेवड्याचा हात गेला, आमचं शिक्षण गेलं.’

पेढा तोंडात टाकून आजी म्हणाली, ‘‘काय शोदलंस रे?’’

आता हिला काय सांगणार? म्हटलं, तिच्याच भाषेत सांगू.

‘‘आजी, आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करतो. ते एक अख्खं मशीन नसतं. बारीक बारीक खानावळी समज. एक फक्त रिपोर्ट देते, एक फक्त औषधांची यादी देते. सगळ्या एकमेकींकडे माणसं धाडतात, हे दे, ते दे.’’

‘‘बरा.’’

‘‘एक खानावळ आजारी पडली, तरी माणसं येतच राहिली, दार ठोकतच राहिली, तर काय होईल?’’

‘‘काय होतला? ती मरात आणि दारात उभी ती माणसांव मरतली.’’

‘‘बरोबर! म्हणून तिकडे माणसं धाडणं बंद करायचं. हे जगात सगळ्यांना माहितेय, पुस्तकांत आहे. घरातल्या फ्यूजवरून नाव दिलंय, सर्किट ब्रेकर. थोड्या वेळानं एकच माणूस धाडून बघायचं, चूल पेटली का. तो जेवला, तर बाकीचे सोडायचे. माझा शोध पुढचा आहे. तो पहिला माणूस कुठला धाडायचा...’’

‘‘सुट्टीवालो,’’ आजी म्हणाली.

‘‘काय म्हणालीस?’’

‘‘कामार जाणारो धाडूचो नाय. सुट्टीवालो धाडूचो. आणि तेचा ताट आधीच शेजारणीकडे वाढून ठेवचा. हय नाय गावला, तर थय जेवतलो. ह्याच ना?’’

हेच. शब्दाला शब्द हेच. अर्जंट रक्ताचा रिपोर्ट मागणारी विनंती पहिली धाडायची नाही. पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची धाडायची, आणि तिचं उत्तर दुसरीकडे आधीच तयार ठेवायचं. आठ महिने घासून काढलेली गोष्ट ही बाई पेढा चघळत सांगत होती!

‘‘तुला कुणी सांगितलं हे?’’

‘‘माका कोण सांगतलो? मीच केलंय. आमी सात बायका खानावळवाल्यो. जी आजारी, तिना दारात भाताचो टोप पालथो घालूचो. टोप पालथो दिसलो की माणसां दुसरीकडे.’’

टोप पालथो. आमची आई तापानं पडली की म्हणायची, ‘आज टोप पालथा.’ मला वाटायचं, असंच बोलणं असेल. माझ्या कोडच्या पहिल्या मसुद्यात मी त्या बंद अवस्थेला नावच ‘टोप पालथा’ दिलं होतं. आमचा मॅनेजर अनिश पोट धरून हसला होता आणि त्यानं ते खोडून इंग्रजी नाव घातलं होतं. मी शोध लावला नव्हता. आईच्या तोंडून ऐकलेलं टाइप केलं होतं.

‘‘पण सुट्टीवालाच का? हे कसं सुचलं?’’

आजीनं उरलेला पेढा खाली ठेवला.

‘‘तुझ्या आजोबाच्या हातान शिकवल्यान.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तेवा ही टोपाची रीत नाय होती. माका ताप इल्लो. दोन दिस चूल नाय. तो दारात येय, मी लाजेन सांगी, वायच थांबान ये. तो परत जाय, परत येय. दुसरीकडे जेवाक नाय. गाववाली बाई सोडून दुसरीच्या ताटार बसलो, तर माझी बदनामी होतली म्हणून. तिसऱ्या दिवशी मी म्हटलंय, आज जेवण आसा, तूच पयलो ये. आणि माझ्यान उठवलाच नाय. तो तसोच उपाशी गिरणीत पाळयेक गेलो. चक्कर इली नि मशिनर पडलो.’’

‘‘आणि दारू?’’

‘‘दारूक तो कदी शिवाक नाय! गिरणीवाल्यांनी लिवल्यान. आणि मी गप रवलंय. मी बोलाक होया होता रे.’’

पन्नास-पंचावन्न वर्षं! एका माणसाला तीन पिढ्या बेवडा म्हणत आलो. मीपण म्हटलंय, मित्रांत हसत हसत. भडव्यांनी एक ओळ खरडली आणि आम्ही ती देव्हाऱ्यात ठेवली.

सोमवारी ऑफिसला गेलो. आमचं ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर, काचेचं. खाली लॉबीत एक साचा ठेवलाय, कापड विणायचा, पॉलिश मारून. पोरी त्याच्याशी सेल्फी काढतात. तिथं मिनिटभर उभा राहिलो, मग वर गेलो आणि अनिशला सगळं सांगितलं.

‘‘खानावळ?’’ अनिश म्हणाला. ‘‘अरे, जोक मारतोयस का सकाळी सकाळी?’’

‘‘नवव्या रकान्यात लिहायचंय.’’

‘‘हितेंद्र, भाकरी आणि सर्व्हरमध्ये फरक असतो, राजा. वकील हसतील. एक म्हातारी आठवणी सांगते, ते काय प्रायर आर्ट झालं, आधीचा वापर म्हणून धरायला?’’

‘‘मला माहितीय का, असं विचारलंय. मला माहितीय.’’

त्याचा आवाज उतरला. ‘‘हे बघ, डिग्री नसताना तुझं नाव पुढे ढकलताना माझी काय लागली, मला विचार. हे लिहिलंस, तर अर्ज हातचा गेला. पोस्टही गेली. नीट विचार कर.’’

‘‘केला.’’

मी लिहिलं: ‘हो. लालबाग, मुंबई, १९६९च्या सुमारास. खानावळ चालवणाऱ्या सात बायका. पद्धत शेवंती गावडे यांची.’ अनिश माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्यासमोर खिडकीतून उडी मारली.

साक्षीदाराची सही लागत होती. संध्याकाळी फॉर्म घेऊन लालबागला गेलो. जाताना वडिलांना बरोबर घेतलं होतं, कशाला ते न सांगता. आजीनं त्यांच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं.

मी लिहिलेलं वाचून दाखवलं. आजीनं पेन हातात घेतलं नाही.

‘‘ह्यात धोंडूचा नाव खय आसा?’’

‘‘आजी, पद्धत तुझी ना?’’

‘‘पयलो तो गेलो. माका अक्कल मागसून इली. तेचा नाव वर घाल, मगे मी सही करतंय.’’

जागा उरली नव्हती. मी समासात, तिच्या नावाच्या वर, आडवं लिहायला लागलो. ‘धोंडू’पर्यंत आलो, तेवढ्यात वडिलांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि पुढचं ‘परब’ त्यांनी लिहिलं.